जाळीवर डकवलेलं पत्रक

चार वाजता पत्रक छपाईला द्यायचं होतं आणि माझ्या मॉनिटरवर जांभळे चौकोन नाचत होते. सफाई कामगारांना हातमोजे द्या, ही आमच्या संघटनेच्या पत्रकातली मुख्य ओळ मधोमध फाटून दिसत होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रेखाताई आल्या. कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवलेला हात त्यांनी झटकन उचलला. "ग्राफिक्स कार्ड तापलंय. तापलं की असंच काहीबाही दाखवतं. आणि इथे हे कोणी डकवलं?"

मीच. मोकळी जागा दिसली की पत्रक डकवायचं, हे माझ्या अंगातच आहे. या वेळी नेमकी हवा खेळायची जाळी बुजवली होती.

"अगं, क्रांती कर, पण याला श्वास घेऊ दे," म्हणत त्या कागद खरवडू लागल्या.

कामगार चिडून बोलला की लोक म्हणतात, याचं डोकंच गरम. राबणारं काहीही तापणारच. जाब विचारायचा तो वाट अडवणाऱ्याला, असं मी कितीदा लिहिलंय. आज अडवणारी मी होते. लाज वाटली, पण मत तसूभरही हललं नाही.

ताईंनी कॉम्प्युटर बंद करून पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली आणि कार्ड निवल्यावर तो पुन्हा सुरू केला. चौकोन गेले होते. ओळ वाचून त्या म्हणाल्या, "नुसते हातमोजे? साबण कोण देणार?"

मी ओळीत साबणही वाढवला आणि पत्रक छापायला पाठवलं.