फ्रीझरला पांघरलेली गोधडी

खानावळीच्या पहिल्याच मे महिन्यात मी नव्या डीप फ्रीझरला गोधडी पांघरली होती. हसा, हसा! खाली दोन गोणपाटं, वर माझ्या आईने शिवलेली गोधडी, मागची जाळीसुद्धा नीट झाकलेली. आमच्याकडे बर्फाची लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकतात, ती दिवसभर टिकते. मग थंडीचं यंत्र पांघरल्यावर थंडी का टिकणार नाही? एवढंच माझं विज्ञान, आणि त्याचा गर्व मात्र डोंगराएवढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरमईचे तुकडे बोटाने दबायला लागले... “बाईमाणसाच्यान खानावळ चलाची नाय,” असं सासूबाई आधीच बोलून बसल्या होत्या. एक चूक दिसली की चूल विझवायची, हा त्यांचा निकाल. घाबरून मी गोधडी काढली, घडी करून बाकावर ठेवली आणि बाबल मेस्त्रींना निरोप धाडला. हे माझ्या नवऱ्याचे शाळेतले मित्र. बंदरावरचा बर्फाचा कारखाना काय, हॉटेलं काय, यंत्रं दुरुस्त करणारे तेच, मालवणातली अर्धी थंडी त्यांच्याच हातात होती. ते बाबल मेस्त्री गेल्या महिन्यात गेले.

त्या दिवशी मात्र ते लगोलग आले, आणि बसले नेमके त्या गोधडीवर. बसले तसे उठले. गोधडीवर तळवा टेकवून माझ्याकडे पाहिलं. ती अजून गरम होती. मी कोकमाच्या आगळाची बाटली उगाचच पुसत राहिले.

“काय झाला रे, बाबल?” ओटीवरून सासूबाईंनी विचारलं.

“हवा, काकी. भायर तापली आसा, त्यात दमट. यंत्र तरी काय करतला?”

सासूबाईंनी हवेला चार शिव्या घातल्या. मी वाचले. त्या सुरमईची दुपारीच आमटी झाली, आणि पानावर बसलेल्यांनी ती मागून मागून खाल्ली.

मग मेस्त्रींनी मला फ्रीझरच्या मागे बोलावलं. “हात धर हयसर.” जाळीतून गरम झोत येत होता. थंड करणाऱ्या यंत्राची पाठ तापलेली! “ह्या थंडी करीत नाय गो, आतली गरमी भायर टाकता. भायर आधीच गरम, तर टाकतला खंय?” त्यांनी फ्रीझर भिंतीपासून हातभर पुढे ओढला. मला आता भीतीपेक्षा कुतूहल जास्त. “नि दमटाचा काय?” मी विचारलं. त्यांनी थंड पाण्याचा पेला मागितला. प्यायले नाहीत, झाकणावर ठेवला. बघता बघता पेल्याला घाम फुटला. “झाकण उघडलंस काय हीच ओल आत शिरता, बर्फ होऊन भिंतीक चिकटता. मगे यंत्र मासळी सोडून त्या बर्फाशीच झगाडता.”

पुढे कितीतरी वर्षं ते आले की आधी पेला मागायचे. मे महिन्यात त्यांनी हत्यारांची पिशवी उघडण्याआधी पेल्याखाली पाण्याचं कडं उमटे, थंडीत पेला कितीतरी वेळ कोराच. कडं कधी उमटणार यावर आमच्या पैजा लागत. बहुतेक मीच हरायची, आणि मग वाद घालायची.

यंदा थंडीत ते आजारी म्हणून मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्या सुनेने उशाशी पाण्याचा पेला ठेवला होता. आम्ही दोघंही सवयीने त्याच्याकडे बघत बसलो... घाम काही फुटला नाही. मग त्यांनी ते पाणी सावकाश पिऊन टाकलं.

सासूबाई कधीच्याच गेल्या, गोधडीचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता पुन्हा उकाडा सुरू झालाय. सकाळी मी फ्रीझरवर थंड पाण्याचा पेला ठेवते. सून विचारते, “आई, ह्या पाणी कोण पितला?” मी नुसती हसते, कारण मला तो पहिला दिवस आठवतो. पिशवी खांद्याला लावून मेस्त्री पायरी उतरले होते. ओटीवर सासूबाई पेंगत होत्या. ते थांबले आणि हळूच म्हणाले,

“वयनी, काकीक सांगलंय ता खोटा नाय. पण गोधडी परत घालू नको. तेका वारो व्हयो... तुका पण.”