भरून आणा

कनेरगाव नाक्यावरचे मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी वीस पावलं लांब जायचे, उकिडवे बसायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "रिकामी गाडी खोटं बोलती. भरून आणा." घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. त्या रस्त्यानं गेला असाल, तर तुम्हीही त्यांना असं बसलेलं पाहिलं असेल.

मला गाडीतलं फारसं कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. साखऱ्याहून हिंगोलीला बाजाराच्या दिवशी दादाच्या पिकअपमधून जायचे, म्हणून मिस्त्री ओळखीचे झाले. पाहिलं तेवढंच लिहिते.

आमचा धंदा शेळ्यांचा. पिकअप मागून उंच, पुढून बसकी. पोत्यांच्या वजनानं मागची बाजू दबते आणि गाडी सपाट होते. शेळ्यांनी ती तेवढी दबत नसे. ब्रेक लागला की सगळी जनावरं उतारानं पुढं घसरायची. एका बाजारी त्या ढिगाखाली गाभण शेळी गुदमरून मेली. आबांनी तिला स्वतः उतरवलं आणि दादाला एवढंच म्हणाले, "अजून एक जनावर मेलं तर गाडी विकून टाकीन." दादानं बारावी सोडून ती गाडी हातात घेतली होती. दुसरं काम त्याला येत नव्हतं.

तो मिस्त्रींकडे गेला, पण मोठ्या टायरांची जुनी हौस काही सुटली नव्हती. "गाडी लेवल करा अन् मोठाले टायर टाका. कशी दणदणीत दिसली पाहिजे!"

"दिसायचं मंग बघू. आत कोण बसतंय?"

"शेळ्या."

"मंग त्यायला काहून घरी ठेवलं? घेऊन ये. बापालाबी आण."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो : अठरा शेळ्या, आबा, दादा आणि मी. मिस्त्री हौद्याच्या फटीतून शेळ्यांचे पाय बघत बसले. "हे बघ माय," मला म्हणाले, "कसे पाय रोवून राहिल्या. घसरायचं भ्याव हाय त्यायला." शेळ्या उतरवल्या, पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला, शेळ्या चढवल्या. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा उतरवल्या. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी शेळी खाली बसली आणि रवंथ करू लागली.

"बसली! झाली लेवल."

दादानं भिंतीवरचं सगळ्यात मोठं टायर दाखवलं. मिस्त्रींनी हौद्याच्या तळाच्या चार बोटं वर, बाजूच्या पत्र्यावर खडूची रेघ ओढली. "ह्या टायरनं हौदा इथवर येईल. आबा, जरा इथवर उचला बरं शेळी." आबांनी एक उचलली, दुसरी उचलली. तिसरी उचलताना ते थांबले आणि कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. दादानं मान खाली घातली.

"हाये त्याच्याहून एकच नंबर मोठं टाकू," मिस्त्री हळूच म्हणाले. "चिखलापुरतं बास. अन् ऐक, टायर मोठं झालं की काटा पन्नास दाखवतो तवा गाडी त्याच्याहून जास्त पळती. काट्यावर नको, शेळ्यायवर ध्यान ठेव."

पुढच्या बाजारी वळणावर म्हैस आडवी आली. दादानं ब्रेक दाबला. मी मागच्या काचेतून पाहिलं. शेळ्या हेलकावल्या आणि उभ्या राहिल्या. आबांनीही पाहिलं. गाडी विकण्याचं बोलणं घरात परत निघालं नाही.

यंदा मिस्त्री गेले. भेटायला लोक आसपासच्या गावांतून आपापल्या गाड्या घेऊन आले होते. मी त्यांच्या गॅरेजच्या शेडपासून वीस पावलं लांब गेले. थोडा संकोच वाटला, पण उकिडवी बसले आणि एक डोळा मिटला.

एकही गाडी सपाट नव्हती. हळदीची पोती नेणारी मागून सगळ्यात उंच, दुधाच्या कॅनची तिच्याहून कमी, आमची शेळ्यांची अजून कमी. भरल्यावर सपाट व्हावी अशीच प्रत्येक गाडी मिस्त्रींनी बसवली होती; कोण काय वाहतं, ते बसल्या जागेवरून कळत होतं. मिस्त्रींच्या दारात त्या सगळ्या रिकाम्या उभ्या होत्या आणि "भरून आणा" म्हणायला कोणी नव्हतं.