वन्संचा लसूण

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं पॅकिंगला होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि स्वयंपाकघरामागे चटईएवढ्या दोन वाफ्यांत कांदा-लसूण लावू लागल्या. लसणाची पाकळी न सोलता, टोक वर ठेवून बोटाच्या पेराएवढी खोल खोचायची. कांद्याचं रोप मात्र वरवर लावायचं, मान गाडली तर कांदा पोसत नाही. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की मला जप करताना मध्येच आठवतं.

"जोगीणबाई," त्या मला म्हणायच्या, "देवाशी बोलणं झालं असेल तर जरा गवत उपटा."

रोज सकाळी एक पान चोळून बोटं हुंगायच्या आणि म्हणायच्या, "यंदा तिखट आहे हं."

गेल्या वर्षी मी लिलीचे सहा कंद आणले. देवाला रोज पांढरं फूल मिळावं एवढीच इच्छा. दुसरी जागा नव्हती म्हणून लसणाच्या ओळीच्या टोकाला लावले. विकणारा म्हणाला होता, "ताई, घरात लहान मूल असेल तर सांभाळा. कंद, पानं, सगळं विषारी असतं." आमच्याकडे लहान कोण आहे? मी ते मनातच ठेवलं. वन्संना तर लिली लावल्याचंही बोलले नाही, आणि फूल अजून आलं नव्हतं.

परवा सकाळी मी देवापुढे बसले होते. वन्संनी लसणाची पात कापून आणली, बटाट्याच्या भाजीत घातली आणि ह्यांचा डबा भरला. हे छापखान्यात गेले.

पावणेबाराला मी भांडी घासायला घेतली. पात चिरायची फळी हातात आली आणि मी थांबले. त्या फळीला दोनदा साबण लावला तरी लसणाचा वास जात नाही. त्या दिवशी वासच नव्हता. कडेला चिकटलेला पानाचा तुकडा चुरडून नाकाशी नेला. नुसतं गवत.

मागे धावले. लसूण जागच्या जागी उभा. लिलीच्या चार कंदांची पानं जमिनीलगत कापलेली. कांद्याची पात पोकळ असते, तिथे कोणी फसणार नाही. पण लसणाचं पान चपटं, आणि लिलीचंही.

"वन्सं, पात कुठली कापलीत?"

"टोकाची. चांगली जाडजूड होती."

"अहो, ती लिली! विषारी आहे ती. वास नाही का आला?"

त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

मी छापखान्यात फोन लावला, तो वाजतच राहिला. यंत्रं चालू असली की तिथे काही ऐकू येत नाही. जेवणाची सुट्टी साडेबाराला. मी पायात चपला सरकवल्या.

"मीपण येते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे गेले चुलीत. चल."

वाटेत देवाचं नाव घ्यायला गेले आणि अर्ध्यावरच सोडलं. त्याच्याचसाठी लावलेलं फूल, आता त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?

"दोन वर्षं झाली," वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "आधी साबणाचा वास गेला, मग सगळ्याचाच. बोलले नाही. म्हटलं, मला स्वयंपाकघरातून उठवाल."

"आणि रोज बोटं हुंगता ते?"

"तुला दाखवायला."

पोचलो तेव्हा डबा उघडा होता. भाजीचा एक कोपरा रिकामा.

"थुंक, धाकट्या! थुंक!" वन्संनी दारातूनच आरडाओरडा केला.

"कधीच थुंकलो," हे म्हणाले. "जीभ चुरचुरतेय. ताई, भाजी केलीस की काढा?"

छापखान्यातले सगळे हसले. आम्ही दोघी नाही. डॉक्टरांनी ह्यांना तीन तास दवाखान्यात बसवून ठेवलं. एकदा उलटी झाली. ह्यांच्या चेहऱ्यावरून मी नजर हलवली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोटात फारसं गेलेलं नाही. न्या घरी."

घरी येऊन मी सगळे कंद मुळासकट काढून फेकले. वन्सं पायरीवर बसल्या होत्या.

"त्याला सांगणार?"

"लिलीचं मी सांगते. नाकाचं तुम्ही सांगा."

चहा करायला शेगडीचं बटण फिरवलं, गॅसचा वास आला आणि मी बटण बंद केलं. दर गुरुवारी मी तीन तास सत्संगाला जाते. वन्सं घरी एकट्या असतात.

"वन्सं, मी नसताना गॅस..."

"पेटवतच नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "भीती वाटते. दोन वर्षं तुझ्या मागे सकाळचा गार चहा पितेय."

आज गुरुवार. वन्संसाठी चहाचा थर्मास भरून ठेवलाय. तरी मी अजून घरातच आहे.