घाटातला हुंकारा

मी ट्रकवर होतो तेव्हा ड्रायव्हरची झोप ओळखायला यंत्र नव्हतं, हुंकारा होता. आमच्या माळव्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं मधून मधून 'हूं' द्यायचा असतो, नाहीतर सांगणारा तिथेच थांबतो. ट्रकवर आम्ही दोघे ड्रायव्हर असायचो. एकाच्या हातात स्टेअरिंग, दुसऱ्याच्या तोंडात गोष्ट. हूं येतोय तोवर गाडी जागी. हूं अडकला की गाडी बाजूला, तोंडावर पाणी. शाळा माझी चौथीत सुटली, पण ही विद्या मी कुणालाही शिकवली असती.

जोडीदार वयानं मोठा, मी त्याला उस्ताद म्हणायचो. एकदा मानपूरच्या घाटात नुकतं उजाडत होतं. गाडी त्याच्याकडे होती आणि मी त्याला राजवाड्याच्या पागेतल्या एका अडेल घोड्याची गोष्ट सांगत होतो. माझे पणजोबा त्या पागेत होते, गोष्ट घरचीच. घोडा नदीवर अडला, हूं. स्वार खाली उतरला, हूं. त्याच हूंवर ट्रक कठडा तोडून गेला. ब्रेक लागलाच नाही. मी बाहेर फेकला गेलो, उस्ताद आतच राहिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो झोपेतही हूं देत होता, हे मला दगडांवर पडल्या पडल्या कळलं.

तेव्हापासून उस्तादचा तो हूं माझ्या मागे आहे. नळ सोडला की पाण्यात हूं येतो. मी एकटाच काही पुटपुटलो तरी येतो, अगदी जागच्या जागी. सुदामा नगरच्या आमच्या घरात बायको पोळ्या लाटताना नुसतं हूं म्हणाली की मी उठून तिचं तोंड बघून येतो.

"बाबा हाजरी घ्यायला आले," सून म्हणते.

म्हणू दे. आमच्या घरात हूं चालत नाही. हो म्हणा, नाही म्हणा. मुलगाही लहानपणापासून 'हो बाबा'च म्हणतो.

तो आता ट्रॅव्हलर चालवतो, गाडी मालकाची. मध्यंतरी मालकानं काचेजवळ एक डबी बसवली. तिचा एक डोळा रस्त्यावर, दुसरा ड्रायव्हरच्या तोंडावर. पापणी किती वेळ मिटली, जांभया किती आल्या, मान कुठे कलली, सगळं टिपते. जरा जास्त झालं की बाईच्या आवाजात हिंदीत टोकते आणि मालकाच्या मोबाइलवर चित्र धाडते. मला राग आला. ड्रायव्हरच्या तोंडावर पहारा बसवायचा म्हणजे काय?

"चुगलखोर आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "ऊन आलं म्हणून डोळे बारीक केले तरी बोंबलते."

"मग उपटून फेक."

"मालक मला उपटून फेकेल."

त्या थंडीत एक कुटुंब ओंकारेश्वरला घेऊन गेलो होतो. लायसन माझं संपलंय, मी नुसता शेजारी बसतो. दुपारी त्या लोकांनी आग्रह करून दाल-बाफले खाऊ घातले, वर तुपाची वाटी. परतताना बडवाह मागे पडलं, घाट चढायला लागला. मागची मंडळी पेंगत होती. मी मुलाला घराच्या गच्चीचं काहीतरी सांगत होतो, पाणी कुठून मुरतं वगैरे.

डबी बोलली, "आप थके हुए लग रहे हैं. कृपया गाड़ी रोकें."

"ऊन आहे, बाबा," तो म्हणाला.

ऊन आमच्या पाठीवर होतं.

मी बोलत राहिलो. म्हटलं, गच्चीला पुन्हा डांबर मारू.

"हूं," तो म्हणाला.

आवाज त्याचा होता, पण तो हूं मी ओळखत होतो. वळून तोंड पाहिलं. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. मी एका हातानं स्टेअरिंग धरलं, दुसऱ्यानं त्याच्या मांडीवर जोरात थापटलं.

"बाजूला घे."

त्यानं घेतली. माझा आवाज ऐकून हातपाय आपोआप चालले असतील. त्याला मी मागच्या रिकाम्या सीटवर आडवा केला आणि स्वतः दारात उभा राहिलो. डबी खरं बोलत होती, हे लिहायला मला आवडत नाही. पण बोलत होती.

सवारीतला एकजण उतरून आला. "काकाजी, हमारी ट्रेन छूट जाएगी."

"छूटने दो."

"इतनी जल्दी आँख लग गई? अभी तो खाना खाया."

"इसीलिए लगी, भिया."

"मैं मालिक को फोन लगाता हूँ."

"लगाओ. डब्बी ने पहले ही लगा दिया."

त्यांच्यातली म्हातारी बाई खाली उतरली आणि दगडावर बसली. मग बाकीचेही बसले, तोंडं वाकडी करून. मुलाची छाती वर-खाली होते का, ते मी बघत राहिलो. कानाशी उस्ताद होताच. त्या दिवशी मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही, बोललो असतो तर त्यानं हूं दिला असता.

ऊन उतरलं तेव्हा मुलगा उठून बसला. डोळे चोळले. खिडकीबाहेर पाहिलं. खाली दरी होती, आम्ही घाट निम्म्याहून जास्त चढून आलो होतो. वळणामागून वळण त्यानंच घेतलं होतं.

"बाबा," त्यानं विचारलं, "घाट लागला का?"