कानामागे लावलेला पेचकस

चालत्या गाडीत काका एकदम उजवा हात वर करायचे. "थांबा. बोलू नोका कोणी." की आम्ही सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, बोलता बोलता गप्प. जीप कडेला लागायची, बॉनेट उघडायचं. काका सीटखालून हातभर लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहायचे.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मेहकर तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून नवीनच लागले होते आणि काका तिथल्या जीपचे ड्रायव्हर होते. जीप जुनी, मागाहून कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेली. ते इंजिन इतके आवाज करायचं, की त्यातला वाईट कोणता हे आम्हाला कळणं शक्य नव्हतं. काका सांगायचे, वरून टकटक वाजलं तर काहीतरी ढिलं झालंय, चिरचिरलं तर पट्टा आणि खालून जड ठोका आला तर सगळ्यांनी उतरून पायी चालायचं.

घाबरट माणूस. घरातून निघताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यातले. डॉक्टर त्यांना तोंडावर घाबरट म्हणायचे आणि काका "हाव साहेब" म्हणून मान डोलवायचे. एकदा हिवरा आश्रमाच्या वाटेवर त्यांनी दोन-तीनदा गाडी थांबवली, खाली झोपून पाहिलं आणि शेवटी वाजत होतं ते माझ्या सुया उकळायच्या डब्याचं झाकण निघालं. आम्ही खूप हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी घाम पुसला आणि झाकणाला सुतळी बांधून टाकली.

तरुणपणी ते खामगावात कापसाचा ट्रक चालवत. एका सकाळी इंजिनात ठोका ऐकू आला होता, तरी मालक चल म्हणाला म्हणून गाडी काढली. वाटेत इंजिन फुटलं आणि उकळतं तेल क्लीनरच्या छातीवर उडालं. एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. तो जगला का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

एका दुपारी सुलतानपूरहून लसी टोचून परतत होतो. जीपमध्ये आम्ही दोघंच. काकांनी हात वर केला, गाडी थांबवली, पेचकस उजव्या कानामागे लावला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. मग इंजिन बंद करून ते स्टिअरिंगपाशी येऊन बसले. दोन्हीकडे तुरीची शेतं होती आणि वारा पडलेला होता.

"बाई, तुमाले शिट्टीवानी आवाज ऐकू येऊन राह्यला काय?"

मी नाही म्हणाले.

"आता तं इंजिन बंद हाये ना?"

"केव्हाच बंद केलं, काका."

"मंग मले काऊन ऐकू येते?"

बापाच्या वयाच्या माणसाने माझ्याकडे अशा नजरेने पाहावं, याचीच मला भीती वाटली.

मग त्यांनी सांगितलं. कित्येक महिने कानात शिट्टी वाजत होती. खरे आवाज तिच्याखाली बुडायचे आणि नसलेले ऐकू यायचे. इंजिन कोणतं आणि आपला कान कोणता, हेच त्यांना उमगत नव्हतं.

त्या दिवसापासून मी पुढच्या सीटवर बसू लागले. मी ऐकायचे, कसं वाजतंय ते सांगायचे आणि काका त्यावरून काय बिघडलंय ते ओळखायचे. पण आता घाबरणारे आम्ही दोघं झालो होतो. रस्ताभर मी जीव कानात आणून बसायचे.

असंच एकदा मी त्यांना सांगितलं, की तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढता तरी आवाज लगेच उतरत नाही, थोडा वेळ वरच राहतो. काकांनी गाडी उभी केली आणि मागे जाऊन निळसर धूर पाहिला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हे इंजिन आपल्याच अंगातलं तेल पिऊ लागलंय, म्हणाले. एकदा त्याला त्याची चटक लागली, की डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही. फुटेपर्यंत पळत राहतं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी वर कळवलं. बुलढाण्याहून निरोप आला, दुरुस्तीला नंबर लागेल तेव्हा पाठवा. काकांनी जीप झाडाखाली लावून ठेवली.

आणि दुसऱ्याच आठवड्यात बैलगाडीतून एक अडलेली बाळंतीण आली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता खामगावला न्या, पोट उघडावं लागेल. दुसरी गाडी नव्हती.

"नाही नेत साहेब," काका म्हणाले. "घाटात सुटलं तं माझ्यानं थांबणार नाही."

बाईबरोबर आलेल्या सासूने सुनेच्या काखेत हात घातले आणि एकटीच तिला जीपकडे ओढत नेऊ लागली. मग काकांनी सुनेचे पाय उचलले.

घाट लागेपर्यंत सगळं बरं होतं. मागे ती कण्हत होती. मी एक कान तिच्याकडे आणि एक इंजिनाकडे लावून बसले होते. उताराच्या पहिल्या वळणावर काकांनी पाय काढला आणि आवाज उतरण्याऐवजी चढला. मी त्यांचा दंड धरला. "काका, सुटलं."

त्यांनी डिझेल बंद करायचा खटका ओढला. काही झालं नाही. इंजिन किंचाळू लागलं, मागचा रस्ता धुराने दिसेनासा झाला. त्यांनी गियर काढला आणि सगळं वजन ब्रेकवर टाकून जीप डोंगराच्या अंगाला नेऊन घासली. ती थांबली. इंजिन मात्र थांबत नव्हतं. बॉनेट थरथरत होतं.

काकांनी उडी मारली आणि ते पळाले. मी पाहिलं. दरीच्या कठड्यापर्यंत गेले, दोन्ही हातांनी कान दाबून तिथेच उभे राहिले. मी आणि सासू बाईला उतरवू पाहत होतो, पण ती कळ आली की आखडायची, हलायची नाही. मला वाटलं, आता हे फुटणार आणि आम्ही तिघी इथेच संपणार.

मग काका परत आले. रडत आले. बाईच्या अंगावरून काढलेली घोंगडी त्यांनी माझ्या हातातून हिसकावली, बॉनेट उचललं, हवा आत घेणारी नळी उपटली आणि त्या तोंडात घोंगडी कोंबून वर छाती टेकली. इंजिनाने दोन-चार आचके दिले आणि घाट एकदम शांत झाला.

काका तसेच दाबून उभे होते. "बाई," त्यांनी मान न वळवता विचारलं, "बंद झालं काय?"

मी हो म्हणाले, मोठ्याने म्हणाले. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी त्यांचा हात सोडवला आणि बॉनेटवर ठेवला. ते थरथरत नव्हतं. तेव्हा ते खाली बसले.

मागून कापसाचा ट्रक आला, त्यात बाईला घालून आम्ही खामगाव गाठलं. आई आणि मुलगी, दोघी वाचल्या. मुलगी पहिल्यांदा रडली तेव्हा मीही भिंतीला टेकून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरांपुढे किल्ली ठेवली आणि कानाचं स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात दुसरं काम देतो. काका नाही म्हणाले आणि सुलतानपूरला आपल्या शेतावर निघून गेले.

पुढे वर्षभराने लसीसाठी त्या गावात गेले, तेव्हा त्यांच्या मळ्यात डोकावले. ते वांग्यांच्या वाफ्यात वाकून बसले होते. हाक ऐकू गेली नाही. अंगाला हात लावला तर दचकतील म्हणून मी बांधावरच उभी राहिले. सावली दिसली तेव्हा दचकलेच, मग ओळख पटली आणि हसले. पदरात वांगी घातली, मावेनात तरी घातली.

मला सडकेपर्यंत सोडायला आले. एस.टी. आली, मी खिडकीशी बसले. काका कडेकडेने घराकडे चालले होते. थोडं चालले की थांबून मागे वळून पाहायचे. मला पाहतायत असं वाटून मी हात बाहेर काढून हलवला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मागून गाडी येतेय का, ते पाहत होते.