भाऊजींची किडनी

माझ्या थोरल्या दिरांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी काहीच दिलेलं नव्हतं. भावाला किडनी देणार, एवढंच म्हटलं होतं. कुळगावातल्या गणेशोत्सव मंडळाला तेवढं पुरलं. सत्यनारायणाच्या संध्याकाळी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, माईकवरून कुणीतरी 'लक्ष्मणासाठी राम धावून आला' म्हणालं आणि टाळ्या पडल्या. हे, म्हणजे माझे मिस्टर, खुर्चीत बसून रडत होते. मीही रडले. त्या रडण्याचा मला आजही संताप येतो.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही हेंद्रेपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं, त्यात यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा यांना मशीनवर घ्यायचे. तिथल्या सिंधी डॉक्टरांनी घरातल्यांचं रक्त तपासलं. सासूबाई वयामुळे बाद झाल्या. भाऊजींचं जुळलं, माझंही जुळलं. भाऊजी तिथल्या तिथे छाती पुढे काढून म्हणाले, "मी जिवंत असताना घरातल्या बाईला कशाला कापायचं?" मला ते इतकं लागलं की मी त्यांच्या पाया पडले.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. गणपती गेले तर पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात ऑपरेशन कोण करतं? दसरा झाला तर बारवी धरणाकडच्या शेतावर भातकापणी निघाली. मग जाऊबाईंच्या माहेरी लग्न आलं. लग्नभर भाऊजी तीच सत्काराची शाल पांघरून मिरवत होते. नंतर कुणा ज्योतिषाने त्यांच्या पत्रिकेत साडेसाती काढली. डॉक्टर तारीख द्यायचे आणि भाऊजी ती मोडायचे. मी माझी देते म्हटलं की म्हणायचे, "शब्द दिलाय ना मी?" बाजारात मात्र त्यांचा रुबाब वाढत चालला होता. किराणावाला त्यांना बघून स्वतः उठायचा आणि स्टूल पुढे करायचा.

होळीच्या सुमारास माझी पाळी चुकली. ज्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागत होतं, त्याच्यापासून मला दिवस गेले होते. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. हे तर वेड्यासारखे हसत सुटले. त्या दिवशी यांनी मशीनवर पडल्या पडल्या बाळासाठी दोन नावं ठरवली, एक मुलाचं, एक मुलीचं. ती मी कुणाला सांगितलेली नाहीत आणि इथेही सांगणार नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "बेटा, खुशी की बात है, पण ऐक. याच्या नसा खराब होत चालल्यात, छातीत पाणी भरतंय. डिलिव्हरीपर्यंत हा टिकणार नाही. आता तुझी किडनी मी घेऊ शकत नाही. भाई को लेके आओ, जल्दी."

मी तशीच कुळगावला गेले. भाऊजी ओटीवर पान लावत बसले होते. मला दिवस गेलेत हे मी जाऊबाईंच्या देखत त्यांना सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि हात जोडले. भाऊजी खूश झाले. त्यांनी जाऊबाईंना माझ्या हातावर साखर ठेवायला लावली. मग म्हणाले, "आता तर विषयच काढू नकोस. घरात गर्भारशी असताना अंगाला शस्त्र लावायचं नसतं. तुझं बाळंतपण होऊ दे, मग बघू." इतके दिवस त्यांना सबब शोधत फिरावं लागत होतं. आता ती मीच त्यांच्या दारात नेऊन दिली होती.

पुढच्या आठवड्यात मी गर्भ पाडून घेतला. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हे नाही म्हणाले असते, आणि मेले असते. अंग सावरल्यावर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात माझी डावी किडनी काढून यांना बसवली. हे वाचले. मला पुन्हा कधी दिवस गेले नाहीत.

गाव धरून चाललं की किडनी भाऊजींचीच. भाऊजींनी कधी नाही म्हटलं नाही. मी चिडले की हे म्हणायचे, "राहू दे गं. बायकोच्या किडनीवर जगतो म्हणून हसतील लोक. आणि दादा आहे तो." मी गप्प बसले. पण माझं गप्प बसणं दबा धरलेल्या मांजरीचं होतं.

काही वर्षांनी भाऊजी नगरपालिकेला उभे राहिले. पत्रकावर शाल पांघरलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'सख्ख्या भावाला मूत्रपिंड देणारे'. संक्रांतीला त्यांनी वॉर्डातल्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं, वाण म्हणून स्टीलची वाटी. मांडव गच्च भरला होता. जाऊबाईंनी माईक माझ्या हातात दिला. "बोल ना दोन शब्द, यांच्या त्यागाबद्दल."

मी स्टेजवर गेले. "सगळ्या बायकाच आहेत ना?" असं विचारलं, पदर बाजूला केला आणि कमरेपासून पोटापर्यंत गेलेला वण उघडा केला. म्हटलं, "भाऊजींची किडनी इथून काढली."

आधी कुणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "आय गं! ह्या बाईचीच हाय ती!" मांडवात जो गलका झाला तो ऐकायला मला फार गोड वाटला. खोटं कशाला सांगू?

भाऊजी पडले. निकालाच्या संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले, डोळे लाल. "माझं वाटोळं केलंस तू. एवढ्याशा गोष्टीसाठी? नवरा जिवंत आहे ना तुझा?"

"नवरा आहे," मी म्हटलं. "बाळ नाही."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. "कुठलं बाळ?"

ते नाटक नव्हतं. माणूस खोटं बोलताना कसा दिसतो हे त्यांच्याकडे बघूनच मी शिकले होते, आणि त्या वेळी ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेव्हा हे उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दादाला म्हणाले, "घरी जा."

मग यांनी दार लावून घेतलं. लोकांनी भाऊजींना पाडलं ते किडनीसाठी. बाळासाठी त्यांना अजून कुणीच काही केलेलं नाही.