भवानीआधीचा जिताडा

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. नेरूळच्या मासळी बाजारात गेले की त्या मासळी विकायला बसायच्या त्या जागेकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

लेक दीड वर्षाची होती तेव्हाचे दिवस फार आठवतात. मी महापेला नोकरीला निघाले की नात आजीबरोबर बाजारात जायची. टोपलीशेजारी पाटावर बसून बाईसाहेब चहात बुडवलेली बिस्किटं खायच्या आणि गिऱ्हाइकांना हात हलवून बोलवायच्या. अख्खा बाजार तिच्यावर जीव टाकायचा. म्हणजे येताजाता जो तो एक बिस्कीट हातात द्यायचा.

मग जेवायला पोटात जागा कुठली! घरी नुसती पेज, तीही दोन घास. त्यात सारखं पोट बिघडायचं. अंगणवाडीतल्या बाईंनी तिला मापाच्या फळीवर निजवलं आणि मान हलवली. "वजन एक वेळ भरून निघेल," त्या म्हणाल्या, "पण या वयात उंची मागे पडली की पुढे भरून काढणं कठीण."

सासूबाई मात्र हसल्या. "आमचे घरान सगल्या बायका बुटक्याच, गो. रगतातच हाय ते."

"मग मामा एवढे उंच कसे?" मी फटकन विचारलं. त्यांचा सख्खा भाऊ आमच्या दारातून वाकून आत यायचा.

त्या लसूण सोलत होत्या.

"त्याला मासलीची तुकडी मिलायची," त्या म्हणाल्या. "आमाला पोरींना कालवनाचं पानी."

कोळ्यांच्या घरात मासळीला काय तोटा, असं मला घाटावरच्या माहेरी सांगून पाठवलं होतं. साफ खोटं. घरी यायचं ते विकून उरलेलं. आणि भवानी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत, टोपलीतलं काही घरासाठी काढायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. भवानीआधी नुसता भाव विचारून जाणाऱ्याचा त्या उद्धार करायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. टोपली उचलण्याआधी त्यांनी त्यातला जिताडा, सगळ्यात महाग मासा, काढून ओट्यावर ठेवला.

"आज पोरीची भवानी," म्हणाल्या, माझ्याशी भांडायला उभ्या असल्यासारख्या.

बाजारालाही दम भरला, बिस्कीट दिलंत तर याद राखा. पोरगी हळूहळू सावरली. आज शाळेत उंचीप्रमाणे लावलेल्या रांगेत मधोमध उभी असते. पण मला आठवते ती त्या रविवारची दुपार. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन, बोटांनी काटे चाचपून, भातात कुस्करून भरवत होत्या आणि ती पाखरासारखी तोंड उघडत होती.

तिचं झाल्यावर मी मधली तुकडी त्यांच्या ताटात वाढली.

"मी काय आता वाढनार हाय?" त्या म्हणाल्या.

मी तुकडी परत उचलली नाही. मग त्यांनी ती खाल्ली, सावकाश, काटा न् काटा चोखून. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती, आणि त्यांच्या ताटात तुकडी मी पहिल्यांदा बघत होते.